जावई येती घरा, आधी सी फॉर्म भरा

जर्मन नवऱ्याला घेऊन नाशिकला माहेरी जायचं ठरवलंत? अभिनंदन. आता पहिलं काम हे करा की तो तुमचा नवरा आहे, ही गोष्ट शक्य तितक्या कमी लोकांना सांगा. भारत सरकारला तर सगळ्यात शेवटी.

कारण असं की जो जर्मन माणूस तुम्हाला ओळखतही नाही, ज्याला फक्त ताडोबातला वाघ बघायचा आहे, त्याला ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. पासपोर्टचं पान स्कॅन करा, पांढऱ्या भिंतीसमोरचा चौकोनी फोटो चढवा, कार्डाने फी भरा आणि ईमेलची वाट बघा. पण तोच माणूस "मी तुमचा जावई, आणि जावई म्हणूनच येणार" असं म्हणाला, तर त्याच्यासाठी एन्ट्री व्हिसा नावाचा मानाचा रस्ता आहे. मानाचा म्हणजे लग्नाचा दाखला, बायकोच्या पासपोर्टच्या प्रती, अर्जाची छापील प्रत आणि खुद्द पासपोर्ट, असा सगळा आहेर घेऊन जायचं. तेव्हा प्रेम लपवा, वाघ दाखवा. यात खोटेपणा अजिबात नाही. पर्यटक व्हिसावर मित्रांना किंवा नातेवाइकांना सहज भेट देता येते, असं नियमच म्हणतो. जावयाची सासरची पहिली खेप 'सहज भेट' असते असं ज्याने लिहिलं, त्याला सासू नसावी.

शिवाय दाखला तरी कुठला दाखवणार? जर्मनीतल्या कागदपत्रांना कंटाळून बरीच मिश्र जोडपी करतात तसं तुम्हीही डेन्मार्कला जाऊन लग्न उरकून आलात. म्हणजे वर जर्मन, वधू नाशिकची, दाखला डॅनिश आणि रिसेप्शन गंगापूर रोडला. खिडकीपलीकडच्या माणसाला हे समजावून सांगण्यापेक्षा वाघ सोपा.

"अगं, मग त्याचं ओसीआय कार्डच काढून टाक ना!" असं एक तरी काकू म्हणेलच. त्यांना नम्रपणे सांगा की नागरिकत्व कायद्यानुसार जोडीदाराला ते कार्ड, म्हणजे परदेशी माणसाला व्हिसाविना भारतात येण्याची कायमची मुभा, हवं असेल, तर लग्नाची नोंदणी होऊन ते सलग २ वर्षं टिकलेलं असावं लागतं, आणि आधी सुरक्षा यंत्रणांची पडताळणीही होते. पुढे घटस्फोट झालाच, तर कार्डही जातं. काकू तुमच्या लग्नाला जेमतेम ६ महिने देत होत्या. त्या मानाने सरकार पुष्कळच आशावादी आहे.

तर ई-व्हिसा. खऱ्या सरकारी संकेतस्थळाआधी त्याच्यासारखीच दिसणारी दोन-चार दलालांची संकेतस्थळं लागतील. ती जास्त देखणी असतात, लवकर उघडतात आणि प्रेमाने बोलतात. यावरूनच ती खोटी आहेत हे ओळखा.

फॉर्म भरायला शुक्रवारची संध्याकाळ निवडा, आणि भरायला त्यालाच बसवा. हे सुख आयुष्यात फार वेळा मिळत नाही. या माणसाचा पासपोर्ट जगातली बहुतेक दारं नुसता दाखवून उघडतो. तुम्ही मात्र शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत एकत्र चालणाऱ्या, पहिल्या व्हिसासाठी ३०,००० युरोचा विमा, बँकेची स्टेटमेंटं, कंपनीचं पत्र आणि 'मी नक्की परत येईन' अशा आशयाचा निबंध जोडला होतात. त्यामुळे त्याने पहिल्या पानावर "हे त्यांना कशाला हवंय?" असं विचारलं की उत्तर देऊ नका. चहा घ्या.

आडनावात डोक्यावर दोन टिंबं असलेला 'यू' असेल, तर फॉर्म तो घेत नाही. पासपोर्टच्या तळाला यंत्रासाठी ज्या दोन ओळी छापलेल्या असतात, तिथे त्या टिंबांच्या जागी एक जास्तीचं 'ई' बसवलेलं असतं. तसंच लिहा. नवरा म्हणेल, हे माझं नावच नाही. लग्नानंतर तुमच्या नावाचं काय काय झालं, याची यादी त्याला वाचून दाखवा.

धर्माच्या रकान्यात तो अडेल. तिकडे आयकराबरोबर चर्चचाही कर कापला जातो, म्हणून पहिल्या पगारानंतर त्याने रीतसर सरकारी कचेरीत जाऊन, फी भरून चर्च सोडलेलं असतं. आपण कोणत्याच धर्माचे नाही याचा त्याच्याकडे शिक्क्याचा कागद आहे आणि तो जोडायची त्याला फार इच्छा आहे. जोडू देऊ नका. 'इतर' निवडा. शरीरावरच्या ओळखखुणेच्या रकान्यात 'काही नाही' असं लिहून तो मोकळा होऊ बघेल. आपण लहानपणापासून शाळेच्या दाखल्यावर हनुवटीवरचा तीळ मिरवत आलेली माणसं, आपल्याला हे पटणार नाही. शोधा, सापडेल.

मग येतो मुख्य प्रश्न. तुमचे आईवडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का, किंवा पाकिस्तानच्या ताब्यातल्या भागातले होते का? इथे फार जपा. त्याचे आजोबा ब्रेस्लाऊचे. ते गाव १९४५ नंतर पोलंडचं व्रोत्सवाफ झालं आणि आजोबा एका हातगाडीवर मावेल तेवढं घेऊन पश्चिमेला आले. फाळणी, निर्वासित, मागे राहिलेलं घर, हे सगळं एका सरकारी फॉर्मने विचारलेलं बघून त्याला भरून येईल. आजवर न सांगितलेली आजोबांची गोष्ट तो सांगायला लागेल. ऐकू नका. पान तेवढा वेळ थांबत नाही, आपोआप बाहेर फेकतं. तात्पुरता अर्ज क्रमांक लिहून घेतला नसेल, तर आजोबांना पुन्हा ब्रेस्लाऊहून निघावं लागेल. 'नाही'वर टिचकी मारा आणि पुढे चला.

पुढे तो दहशतवादी आहे का, मानवी तस्करी करतो का, असे किरकोळ प्रश्न आहेत. ते आपोआप होतात.

भारतातला संदर्भ म्हणून बाबांचं नाव, पत्ता आणि फोन नंबर द्या. त्या दिवसापासून बाबा फोन कानाला लावूनच झोपतील.

आता मुहूर्त. आईच्या डोक्यात २०२६ चा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचंच, हुकला तर पुढचा अधिक थेट २०२९ मध्ये. गंमत म्हणजे भारत सरकारचंही या बाबतीत आईशी एकमत आहे. ३० दिवसांच्या पर्यटक व्हिसाची फी एरवी २५ डॉलर असते, ती एप्रिल ते जून १० डॉलर असते. उन्हाळ्यात शहाणा पर्यटक फिरकत नाही, म्हणून ही सवलत. जावई फिरकतो. मात्र हा व्हिसा प्रवासाच्या ३० दिवस आधीपासूनच मागता येतो, त्याआधी नाही. विमानाचं तिकीट तर त्याच्याही कितीतरी आधी काढावं लागतं. म्हणजे तिकीट आहे, अनारशाचं पीठ डब्यात मुरतंय, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो भारतात येऊ शकतो की नाही हे एका ईमेलवर ठरायचं आहे. आईला यातलं काही सांगू नका. ती म्हणेल, "जावईबापूंना परवानगी कसली?"

नवऱ्याने मिळालेल्या व्हिसाच्या अटी वाचू नयेत याची काळजी घ्या. तो वाचणारच, जर्मन आहे. ई-व्हिसा संरक्षित, प्रतिबंधित आणि कॅन्टोन्मेंट, म्हणजे लष्करी छावणीच्या, भागासाठी चालत नाही, अशी एक ओळ तिथे आहे. तुमची मावशी देवळाली कॅम्पात राहते. मावशी गेल्या वर्षापासून पुरणपोळीचा बेत ठरवून बसली आहे आणि इकडे हा नकाशावर हद्द शोधतोय. पुण्याच्या कॅम्पातली श्रूसबेरी बिस्किटंही त्याने स्वतः जाऊन आणायची नाहीत, असं त्याचं म्हणणं पडेल. मावशीला गंगापूर रोडला बोलवा. ती रुसेल, पण तिला रुसायला व्हिसा लागत नाही.

मुंबईच्या विमानतळावर तुमची ताटातूट होईल. तुम्ही भारतीयांच्या रांगेत, तो परदेशी लोकांच्या रांगेत बोटांचे ठसे द्यायला. कितीतरी वर्षं फ्रँकफर्टला तो आधी सुटायचा आणि बॅगा घेऊन पलीकडे तुमची वाट बघायचा. आज बॅगा तुम्ही घ्या. सावकाश घ्या.

आणि घरी पोचलात, औक्षण झालं, की जावयाची पोलिसांत वर्दी द्या. हा विनोद नाही. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की यजमानाने २४ तासांच्या आत त्याची माहिती, ज्याला लोक अजूनही सी फॉर्म म्हणतात, त्या फॉर्मवर कळवायची असते. लोकांना वाटतं, हे फक्त हॉटेलांसाठी आहे. पण धर्मशाळा असो वा सासरा, नियम सारखाच. १९४६ चा फॉरिनर्स ॲक्ट जाऊन २०२५ चा नवा कायदा आला, तरी ही प्रथा टिकून आहे. बाबा चिडतील. म्हणतील, "माझ्या जावयाची खबर मी पोलिसांना देऊ? शेजारी काय म्हणतील?" नवरा मात्र दौऱ्यात पहिल्यांदाच खुलेल. त्याच्या देशात घर बदललं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदणी करावी लागते, त्यामुळे आपल्या असण्याची कुठेतरी नोंद होतेय म्हटल्यावर त्याला सासर आपलंसं वाटू लागेल. तो स्वतः बाबांच्या शेजारी बसून त्यांचं खातं उघडून देईल, पासवर्ड ठरवेल आणि पावती छापून फाइलला लावेल. सासरा-जावयाचं एवढं जुळलेलं आई प्रथमच बघेल.

त्याच बैठकीत बाबा म्हणतील, "आता पुढच्या उन्हाळ्यात आम्हीच तुमच्याकडे येतो." इथे सावध व्हा. माणशी ९० युरो फी, तोच ३०,००० युरोचा विमा, बोटांचे ठसे, आणि बाबांच्या पेन्शनवर भागलं नाही तर जर्मनीतल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जावयाने जाऊन द्यायचं हमीपत्र. सासू-सासऱ्यांच्या राहण्याचा, खाण्याचा, आजारपणाचा, आणि वेळ आली तर परत पाठवण्याचाही खर्च मी करीन, असं त्यात लिहिलेलं असतं. ते पत्र तो आधी पूर्ण वाचणार आणि मगच सही करणार.

तेव्हा वाणातला पंधरावा अनारसा त्याने "नाइन, डांके" म्हणून बाजूला सारला, तर आईला स्वयंपाकघरात नेऊन सांगा, आग्रह करू नकोस. सही अजून व्हायची आहे.