पाच ग्रॅमचं ओझं

झेरॉक्सचा ८० जीएसएमचा ए-फोर कागद बरोबर ५ ग्रॅम भरतो. असे सोळा मांडले की एक चौरस मीटर होतो, आणि त्याचं वजन ८० ग्रॅम. सोलापुरी चादरींचे गठ्ठे खांद्यावरून वाहणाऱ्या गावाला हे काय ओझं वाटणार! पण हाच कागद एकदा कलाकृती झाला आणि संग्रहालयाच्या भिंतीवर चढायचा म्हटला, की त्याच्या दिमतीला चार माणसं, दोन शिड्या, उजेड मोजणारा एक लक्समीटर आणि हवेतली ओल मोजणारा एक हायग्रोमीटर लागतो. आम्ही त्या चार माणसांतले. कागदी कलेची प्रदर्शनं लावणं हा आमचा उद्योग, आणि नवरदेवाच्या मामाइतकाच मान असलेला.

पहिलं भांडण हवेशी. कागदाला आर्द्रता ४५ ते ५५ टक्के लागते आणि ती स्थिर लागते. सोलापूरचा एप्रिल यातलं काहीच देत नाही. दुपारी पारा ४२च्या पुढे आणि हवा अशी कोरडी की ओठ फुटावेत. मग एखादा मायाळू यजमान दालनात कूलर आणून ठेवतो आणि तोंड नेमकं चित्राकडे करतो. कूलर म्हणजे पाण्याचा फवाराच. तासाभरात कागद ओल पितो, सायंकाळी कूलर बंद झाला की तीच ओल सोडतो. पावसाळ्यात डब्याबाहेर राहिलेली कडक भाकरी आठवा, तसाच प्रकार. गिरणीच्या कागदात तंतू बहुतेक एका दिशेला निजलेले असतात, त्यामुळे तो आडवा जास्त फुगतो आणि उभा कमी. अशा कागदाच्या चारही कडा चिकटवून टाकल्या असतील तर वाढायला जागा कुठली? मधोमध पापडासारखा फुगा येतो. म्हणून चित्रांच्या पेट्या आल्या तरी कागद इथल्या हवेला रुळेपर्यंत चोवीस तास उघडायच्या नाहीत, हा आमचा नियम. 'एकदा बघू तरी द्या' हा सगळ्यांचा.

आता चिकटवण्याचं. फ्रेमवाल्यांच्या लाडक्या तीन वस्तू म्हणजे हार्डबोर्ड, पांढरा गोंद आणि सेलोटेप. हार्डबोर्डातलं आम्ल कागदाला मागून पिवळं करतं, गोंद पुन्हा सुटत नाही, आणि सेलोटेपचा चीक काही वर्षांत कागदात मुरून तपकिरी पट्टा उमटवतो. चित्र गेलं तरी पट्टा राहतो. आम्ही वापरतो ती खळ. हा शब्द उच्चारला की सोलापुरात निम्मं काम झालं, कारण ताण्याच्या सुताला खळ देणाऱ्यांचं हे गाव. फक्त आमची खळ मैद्याची नसते, गव्हाच्या सत्त्वाची असते. मैद्यात ग्लुटेन राहतं, ते पिवळं पडतं आणि किड्यांना जेवणाचं आमंत्रण जातं. एक वाटी सत्त्व, चार वाट्या पाणी, अर्धा तास भिजत, मग मंद आचेवर वीस ते तीस मिनिटं ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी. पांढरेपणा जाऊन पारदर्शक चमक आली की उतरवायची, गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा गाळायची आणि दाट ताकाइतकी पातळ करायची. जुने बाइंडर यात मोरचूद टाकतात, कीड लागू नये म्हणून. कीड लागत नाही हे खरं, पण तांब्याचा अंश कागदालाच खातो. म्हणून मोरचूद नाही. चार दिवसांत वास आला तर नवी शिजवायची.

या खळीनं जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या चित्राच्या फक्त वरच्या कडेला लावायच्या. पट्टी कात्रीनं कापायची नाही. ओल्या ब्रशनं रेघ ओढून फाडायची, म्हणजे कडेला तंतूंची झालर राहते आणि चित्रावर वळ उठत नाही. पट्टी चित्रापेक्षा कमजोर हवी. फ्रेम पडलीच तर फाटायचं ते पट्टीनं. घरातल्या धाकट्या सुनेचं काम तिच्याकडे.

खिळ्यांचं थोडक्यात. चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर, त्यात फ्रेमची निम्मी उंची मिळवायची, मागची तार ताणल्यावर फ्रेमच्या वरच्या कडेपासून जेवढी खाली राहते तेवढं वजा करायचं. ६० सेंटिमीटरची फ्रेम, तार ८ खाली, म्हणजे खिळा १७२वर. एवढं गणित करून खिळा ठोकला की मागून आवाज येतो: 'थोडं वर घ्या की ओ.'

खरी करमणूक उजेडाची. कागदावरच्या कामाला ५० लक्स, म्हणजे देवघरातल्या संध्याकाळएवढा. दारातून आत आलेला पहिला माणूस विचारतो, 'लाईट गेली काय?' दुसरा स्वतःच बटणं शोधू लागतो. त्यांना हिशोब सांगावा लागतो. ५० लक्स, रोज आठ तास, तीस दिवस: १२,००० लक्स-तास. एवढंच महिन्याचं रेशन. कुणी हौसेनं ५०० लक्सचे दिवे लावले तर ते तीन दिवसांत संपतं. खिडकीतून थेट ऊन आलं, सुमारे एक लाख लक्सचं, तर सात मिनिटांत. आणि उडालेला रंग काही केल्या परत येत नाही.

इथे मात्र सोलापूर आम्हाला लाजवतं. फ्रेमच्या शेजारी आम्ही निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांचं कार्ड ठेवतो, अर्धं झाकून. पहिली पट्टी सर्वांत लवकर विटते आणि पुढची प्रत्येक तिच्या आधीचीपेक्षा साधारण दुप्पट वेळ टिकते. कार्डाची उघडी बाजू फिकी झाली, की चित्रानं किती उजेड खाल्ला ते कळतं. इतर गावांत यावर दहा मिनिटं बोलावं लागतं. इथं टॉवेलच्या धंद्यातले काका चष्मा वर करून म्हणतात, 'हे तर रंगाचं पक्केपण बघायचं कार्ड!' बरोबर. संग्रहालयांनी ते कापडवाल्यांकडूनच उचललंय.

उद्घाटन हा स्वतंत्र धोका. समई, कापूर, नारळ आणि पाणी ठिबकणारे हार हे सगळं कागदापासून दहा फुटांवर राहील अशी मांडणी करावी लागते. अल्पोपाहार तर दुसऱ्या मजल्यावरच हवा. शेंगा चटणीचं एक बोट कागदाला लागलं की तिथे तेलाचं पारदर्शक भोक पडल्यासारखं दिसतं, आणि पाण्यानं ते हलत नाही. सह्यांच्या वहीपाशी पेनं चालतात, दालनात फक्त पेन्सिल.

पांढऱ्यावर पांढऱ्या कामांची पंचाईत वेगळी. शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांनी १९७०च्या दशकात कागदाचा लगदा साच्यात दाबून 'जखमा' मालिका केली. मुद्राचित्रकार झरीना यांनी त्याच दशकात कागदाला सुईनं टोचून चित्रं केली. या वाटेनं गेलेलं कुठलंही काम समोरून प्रकाश टाकला की कोरं दिसतं आणि लोक विचारतात, 'छापायचं राहिलं का?' दिवा बाजूनं, भिंतीला घासून जाईल असा लावला की मग उंचवटे सावल्या टाकतात आणि प्रश्न बंद होतो.

उरला हात. कापड ओळखणारं गाव डोळ्यांनी बघत नाही, कड चिमटीत धरून बघतं. पाट्या लावून उपयोग नसतो. त्यावर उपाय एकच: दाराशी ताटात हातकागदाचे तुकडे ठेवायचे, खुशाल चोळायला. चिंध्यांचा कागद, नुसतं सुती, लाकडातलं, कागद पिवळा पाडणारं लिग्निन नावालाही नाही. तिसऱ्या दिवशी तुकडे काळे होतात, पण भिंतीवरची कामं वाचतात. आणि ताटाभोवतीची गर्दी मात्र हटत नाही.

'सुतीच आहे की! पन्हा केवढा येतो याचा?'

हातकागदाला पन्हा नसतो, साचा केवढा तेवढाच ताव, बहुधा २२ बाय ३० इंच.

'मग दोन जोडून द्या की ओ.'