पुन्हा तेच पॅग, म्हणजे पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या एसी कॉम्प्रेसरचं तेल!

इलेक्ट्रिक व्हॅन एसीच्या सर्व्हिसिंगला नेली की ठरलेलं वाक्य: "तेल काय, सगळं सारखंच असतं." अहो, नसतं! व्हॅनच्या या एसी कॉम्प्रेसरला इंजिनवर फिरणारा पट्टा नाही. आतच हाय-व्होल्टेज मोटर आहे आणि तिचं वाइंडिंग त्याच तेलात न्हातं. म्हणून वीज अडवणारं पीओई (पॉलिओल एस्टर) तेल लागतं. पेट्रोल-डिझेलवाल्यांचं पॅग जरासं मिसळलं तरी इन्सुलेशन ढासळतं, मग फॉल्ट, कधीकधी गाडीच चालू होत नाही. बरं, बाटली योग्य आणली तरी गॅस भरायच्या मशिनच्या नळ्यांत आधीच्या गाडीचं पॅग उरलेलं! फ्लश केलं का विचारावं, तर माझ्याकडेच संशयाने बघतात. वर लीक शोधायची डाय, तीही पॅगमधलीच. कॉम्प्रेसरवरचं लेबल वाचायला एवढे काय कष्ट पडतात?