३१ फेब्रुवारीचा हप्ता

सचिवांचा फोन एरवी "चहा झाला का?" पासून सुरू होतो. त्या दिवशी थेट म्हणाले, "अहो साहेब, तुमच्या संगणकानं आमच्या कर्जदाराचा फेब्रुवारी गिळला."

तालुक्याच्या गावातली ती पतसंस्था. तिचं सॉफ्टवेअर माझं. व्याज, वारसनोंद, पिग्मीचा हिशेब, सगळं निभावलं होतं. अडलो तो "दर महिन्याला" या दोन शब्दांत. कर्ज ३१ जानेवारीला उचललेलं, पहिला हप्ता महिन्यानं. मी जावास्क्रिप्टला, म्हणजे ज्या संगणकी भाषेत सॉफ्टवेअर लिहिलं होतं तिला, सांगितलं, महिन्यात एक मिळव. तिनं मिळवला. झाली ३१ फेब्रुवारी. अशी तारीख नसते हे तिला ठाऊक आहे, पण अडून बसणं तिच्या स्वभावात नाही. २८ तारीख संपल्यावर उरलेले तीन दिवस ती तशीच पुढे चालत गेली आणि ३ मार्चला जाऊन टेकली. लीप वर्ष असतं तर २ मार्चला टेकली असती. (जिच्या लेखी जानेवारी हा शून्यावा महिना आणि तारखा मात्र एकपासून, तिच्याशी वाद कसला घालणार?) कर्जदाराची काही तक्रार नव्हती, हे सांगायला नकोच.

मी दुरुस्ती केली. तारीख महिन्याबाहेर जायला लागली की शेवटच्या दिवशी थांबवायची. आली २८ फेब्रुवारी. मी निवांत. पण पुढचा हप्ता मी मागच्या हप्त्यावरून काढत होतो. त्यामुळे २८ मार्च, मग २८ एप्रिल, मग २८ मे. फेब्रुवारीच्या बुटक्या दारातून वाकून आत गेलेली तारीख बाहेर आल्यावर ताठ झालीच नाही. दोन रात्री घालवल्यावर उजेड पडला: मोजायचं ते दर वेळी मूळ ३१ जानेवारीपासून. एक महिना, दोन महिने, तीन महिने. मी हा शोध सचिवांना ऐकवला. ते म्हणाले, "आमचे जुने क्लार्क वहीत असंच लिहायचे."

हप्त्यांचं मार्गी लागलं आणि वाढदिवस आले. सभासदांना शुभेच्छांचा मेसेज जावा, ही चेअरमनसाहेबांची हौस. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीचा जन्म १ जूनला झालेला आहे. पोराला शाळेत घालताना मास्तर अंदाजानं वय धरायचे आणि तारीख ठोकून द्यायचे १ जून. तेव्हा हौसेचा सगळा भार एकाच दिवशी. आणि मेसेज गेले ३१ मेला! कारण सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेवर चालतो. आपल्याकडे १ जूनचे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा सर्व्हरवर ३१ मेचे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. मी तारीख दाखवताना साडेपाच तास हातानं मिळवले आणि विषय मिटवला.

पुढच्या जूनला एक आजोबा काठी टेकत संस्थेत आले. मीही नेमका तिथेच. त्यांचा मेसेज पुन्हा आदल्या दिवशी. गावभर सगळ्यांचे बरोबर, चुकले ते फक्त १९४३, १९४४ आणि १९४५ साली जन्मलेल्यांचे. माझी मती गुंग. मग शोधता शोधता सापडलं ते दुसरं महायुद्ध. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानातली घड्याळं एक तास पुढे होती. ग्रीनिचपेक्षा साडेपाच नव्हे, साडेसहा तास. तारीख साठवणाऱ्या लायब्ररीला, म्हणजे मी वापरलेल्या तयार कोडला, हा इतिहास पाठ होता. परत काढताना माझे मात्र ठोक साडेपाच. आजोबा त्या एका तासापायी ३१ मेच्या रात्री अकराला जन्मत होते.

मी त्यांना हे महायुद्धासकट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "आई सांगायची, मी ज्वारीच्या काढणीत झालो. एक जून मास्तरची. पण खोटी का असंना, ऐंशी वर्षं सांभाळलीय मी ती. तू तिला हात लावायचा नाहीस."

पंचांगवाल्यांचं मला आता कौतुक वाटतं. चांद्रवर्ष मागे पडायला लागलं की ते १९ वर्षांत सात अख्खे महिने जादा घालतात आणि त्याला वर धोंड्याचं जेवण लावतात. मी एक दिवस इकडचा तिकडे केला तर लेखी खुलासा द्यावा लागतो. एक्सेल तर आजही १९०० सालच्या २९ फेब्रुवारीवर विश्वास ठेवतं. ती तारीख कधी उगवलीच नव्हती, पण आधीच्या लोटस या तसल्याच हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती आणि फायली जुळाव्यात म्हणून एक्सेलनं ती तशीच ठेवून घेतली. त्याला कुणी खुलासा विचारत नाही.

आणि संगणकाला नावं तरी कुठल्या तोंडानं ठेवू? "आठ दिवसांनी या" म्हणून आपण माणसाला सात दिवसांनी बोलावतो. दीड दिवसाचा गणपती सकाळी बसतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघतो. त्यात दीड कुठला, हे मी सूत्रात बसवून पाहिलंय. बसत नाही.

मागच्या आठवड्यात सचिवांचा फोन आला. मुदत ठेवीच्या तारखा तपासायच्या होत्या. "कधी देताय?"

"परवा."

थोडा वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज.

"गेलेला की येणारा?"