दुतोंड्या मारुती आणि ‘५.१’ची पट्टी : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

(‘माझा मुलगा तुझ्यापेक्षा मोठा असेल’ असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काकाच म्हणतो.)

तुमची प्रतिक्रिया लांबलचक होती आणि रागातही होती, त्यामुळे दोन ओळींत उत्तर उरकणं बरं वाटेना. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. घरच्या सर्व्हरवरून टीव्हीवर सिनेमे दाखवणारी सॉफ्टवेअरं आवाजाच्या ट्रॅकची नावं धड लिहीत नाहीत आणि त्यापायी माणसांचे रविवार वाया जातात, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर काकांचे तीन आक्षेप आहेत. पहिला, हे इंजिनिअर लोकांचे चोचले आहेत, सामान्य माणसाचं ‘५.१’ (पाच स्पीकर, एक सबवूफर) एवढ्यावर भागतं. दुसरा, नाशकात पूर आला की क्युसेक कुणी विचारत नाही, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं ते विचारतात. तसं काहीतरी सोपं असावं. तिसरा, ‘अ‍ॅटमॉस हवं तर ईएआरसी लागतंच’ हे माझं वाक्य साफ चूक आहे, कारण काकांच्या साउंडबारवर साध्या एआरसीवरून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनं साउंडबारकडे नेणारी वाट; ईएआरसी ही तिची रुंद आवृत्ती) अ‍ॅटमॉसचा दिवा लागतो.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं.

अ‍ॅटमॉस २०१२ साली थिएटरांत आलं आणि नंतर घरात. पण घरात ते एकटं कधीच येत नाही. कुठला आवाज खोलीत कुठून यावा याची ती जादा माहिती असते, आणि ती दुसऱ्या कुठल्यातरी फॉरमॅटच्या पाठीवर बसून येते. स्ट्रीमिंगवर ती डॉल्बी डिजिटल प्लसच्या पाठीवर असते. ते दाबून लहान केलेलं असतं, म्हणून बऱ्याच टीव्हींवर साध्या एआरसीतून आरामात निघून जातं. ब्लू-रेवर मात्र ती बहुतेकदा डॉल्बी ट्रूएचडीवर बसते. ट्रूएचडीत आवाजाचा कणही टाकून दिलेला नसतो, त्यामुळे त्याचा बोजा मोठा. तो टीव्हीतून पुढे न्यायचा तर २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर आलेलं ईएआरसीच लागतं. माझ्या डोक्यात ट्रूएचडी होतं, हातून लिहिलं गेलं ‘अ‍ॅटमॉस’. ज्या अर्धवट नावासाठी मी सॉफ्टवेअरवाल्यांना बोल लावत होतो, त्याच नावानं मला गंडवलं. मूळ लेखातलं वाक्य दुरुस्त केलंय.

आता मारुती. हा दाखला तुम्ही दिलात आणि मी दोन दिवस तोच घोळवत होतो. इतका चांगला आहे की माझ्याच बाजूनं वापरावासा वाटतो. गंगेला (म्हणजे आपल्या गोदावरीला) पाणी वाढलं की पुण्या-मुंबईहून येणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न ‘मारुतीच्या कुठवर?’ हाच. कमरेला म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळा गोदाघाट डोळ्यांपुढे दिसतो. पण हे माप चालतं ते मारुती जागचा हलत नाही म्हणून. ‘५.१’ हा रोज वेगळ्या घाटावर उभा असलेला मारुती आहे.

पाच स्पीकर आणि एक सबवूफर, एवढीच ती मोजदाद. माल कुठल्या बांधणीत आलाय याबद्दल तो आकडा अवाक्षर काढत नाही. डीव्हीडीवरचं डॉल्बी डिजिटल ५.१ म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ किलोबिट. त्याच फॉरमॅटची एकूण मर्यादा ६४०. डॉल्बीचा प्रतिस्पर्धी डीटीएस, त्याचं ५.१ पूर्ण गतीचं असेल तर १५०९. अजिबात न दाबलेलं पीसीएम ५.१ घ्या, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट, सहा वाहिन्यांचा (म्हणजे आवाजाच्या चॅनल्सचा) गुणाकार करा, ६९१२ येतात. तिन्ही ठिकाणी पडद्यावर एकच पट्टी, ‘५.१’. आणि तुमच्या-माझ्या घरातली ती लाल उजेडाची ऑप्टिकल केबल पहिली दोन नेते, तिसरं नेऊच शकत नाही. पीसीएम म्हटलं की तिच्यातून दोनच वाहिन्या जातात.

शिवाय पुरात आपण नुसता मारुती बघून थांबत नाही. गंगापूर धरणातून किती सोडलं आणि होळकर पुलाखाली किती आलं, हे दोन्ही आकडे आपण कान देऊन ऐकतो. (तिथे मधल्या नाल्यांचं पाणी मिळून आकडा फुगतो, इथे वाटेत घटतो, एवढाच फरक.) माझी तक्रार खरं तर याच जागी आहे. सॉफ्टवेअर धरणाचा आकडा दाखवतं आणि पुलाचा लपवतं.

इंदिरानगरला माझी मावशी राहते. तिनं एका शनिवारी फोन केला, ‘अरे, बोलणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर गाणं लागलं की शेजारच्या वहिनी दार वाजवतात.’ रविवारी सकाळी मिसळ हाणून तिच्याकडे गेलो. मावसभावानं हौसेनं घेतलेला जुना रिसीव्हर (आवाज उलगडून स्पीकरांना वाटणारं खोकं), पाच स्पीकर, सबवूफर, आणि जिन्याखालच्या कपाटात सर्व्हर म्हणून ठेवलेला जुना लॅपटॉप. सिनेमा लावला. पडद्यावर ‘ऑडिओ : ५.१’. पाचही स्पीकरला कान लावून बघितला, पाचही वाजत होते. म्हणजे तुमच्या हिशेबानं सगळं ठीक.

वायरी काढून परत लावल्या. मधला स्पीकर बदलून बघितला. दोन तास गेले, चहा दोनदा झाला. मग लक्षात आलं की रिसीव्हरवर मावशीनं क्रोशाचा रुमाल घातलाय आणि तो पुढून इतका खाली आलाय की डिस्प्ले झाकला गेलाय. रुमाल उचलला. खाली निळ्या अक्षरांत लिहिलं होतं ‘पीसीएम’ आणि शेजारी ‘ऑल चॅनल स्टिरिओ’. म्हणजे रिसीव्हरपर्यंत दोनच वाहिन्या पोचत होत्या, आणि कुणीतरी कधीतरी दाबलेल्या बटणामुळे तोच दोन वाहिन्यांचा आवाज पाचही खोक्यांत वाटला जात होता. मधल्या स्पीकरनं मुख्यतः संवाद बोलायचे, तर त्यातही पार्श्वसंगीत आणि पाऊस कोंबलेला.

झालं होतं ते असं. फाइलमध्ये डीटीएस ५.१. टीव्हीला डीटीएस येत नाही, तसं पुष्कळ टीव्हींना येत नाही. म्हणून सर्व्हरनं आपल्या मनानं त्याचं एएसी (दाबलेल्या आवाजाचा आणखी एक फॉरमॅट) ५.१ केलं. टीव्हीनं ते एएसी उलगडलं आणि ऑप्टिकलमधून पुढे ढकलताना दोन वाहिन्यांचं पीसीएम करून टाकलं. ‘५.१’ ही पट्टी फाइलपाशी खरी होती, सर्व्हरपाशीही खरी होती, आणि मावशीच्या सोफ्यापाशी खोटी होती. रूपांतराची नोंद सॉफ्टवेअरमध्ये होती, नाही असं नाही. पण ती सर्व्हरच्या व्यवस्थापनाच्या पानावर, जिथे मावशी ह्या जन्मात जाणार नाही.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. एएसीऐवजी ६४० किलोबिटांचं डॉल्बी डिजिटल करायला सर्व्हरला सांगितलं, टीव्हीचं ऑप्टिकल आउटपुट ‘पीसीएम’वरून ‘बिटस्ट्रीम’वर (आवाज न उलगडता तसाच पुढे देणं) नेलं. रिसीव्हरच्या पोटात रिले ‘टक्’ करून वाजला, डिस्प्लेवर ‘डॉल्बी डिजिटल’ आलं आणि वाहिन्यांचे छोटे चौकोन एकेक करून पेटले. स्वयंपाकघरातून मावशी म्हणाली, ‘आता कळतंय हं काय म्हणतायत ते.’

टीव्हीच्या पुढे काय घडतं ते सॉफ्टवेअरला दिसत नाही, हे मला मान्य आहे. पण डीटीएसचं एएसी केलं हे त्याचं स्वतःचंच काम होतं. ‘फाइलमध्ये डीटीएस ५.१, टीव्हीकडे एएसी ५.१’ एवढी एक ओळ पडद्यावर असती तर माझा संशय थेट टीव्हीवर गेला असता, मधला स्पीकर बदलायची वेळ आली नसती. ही ओळ मावशीसाठीच आहे हो, इंजिनिअरला ती व्यवस्थापनाच्या पानावर सापडतेच.

नावांचा दुसरा घोळ म्हणजे आतली सांकेतिक नावं जशीच्या तशी बाहेर टाकायची सवय. डॉल्बी डिजिटलचं तांत्रिक नाव एसी-३, डॉल्बी डिजिटल प्लसचं ई-एसी-३. आमच्या मातोश्रींना ‘एसी-३’ बघून रेल्वेचा डबा आठवतो. डीटीएसला काही ठिकाणी ‘डीसीए’ म्हणतात, कारण त्या तंत्राचं नाव कोहेरंट अकूस्टिक्स. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हे रोजचं आहे, पण रिसीव्हरच्या डिस्प्लेवर ‘डीसीए’ कधी उमटत नाही. टीव्हीवरचं नाव आणि रिसीव्हरवरचं नाव जुळलं पाहिजे. नाहीतर माणूस पडताळा घेणार कशावरून?

डीटीएसबद्दल अजून एक, कारण इथे अर्धवट नाव जास्त महागात पडतं. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओच्या आत साध्या डीटीएसचा गाभा असतो. जुना रिसीव्हर तो गाभा उचलतो, बाकीचं सोडून देतो, आणि वाजतो. म्हणून नुसतं ‘डीटीएस’ लिहिलं तरी निभावतं. ट्रूएचडीत असा गाभा नाही. म्हणून ब्लू-रेवर त्याच्या जोडीला साध्या डॉल्बी डिजिटलचा आवाज दिलेला असतो. डिस्कवरून फाइल करताना लोकांना तो ‘डबल’ वाटतो, जागा वाचवायला ते तो उडवतात, आणि मग जुन्या रिसीव्हरवर शांतता. त्या दोन ओळी ‘डॉल्बी ५.१’, ‘डॉल्बी ७.१’ अशा न दिसता पूर्ण नावानं दिसल्या असत्या तर मी तरी पुसायच्या आधी थांबलो असतो. (हो, पुसणारा मीच.)

आणि एमकेव्ही फाइलमधलं ट्रॅकचं शीर्षक ही तर कुणीही भरावी अशी मोकळी जागा. तिथे ‘ओरिजिनल अ‍ॅटमॉस ७.१’ लिहिलेलं असतं आणि आत १९२ किलोबिटांचं दोन वाहिन्यांचं काहीतरी. द्राक्षांच्या पेटीवर सोनाका, आत थॉमसन. नाशिककराला जास्त सांगायला नको. काही सॉफ्टवेअरं हे शीर्षकच मोठ्या अक्षरात दाखवतात. आवाज स्वतः वाचून नाव ठरवायचं, आणि शीर्षक दाखवायचंच तर खाली बारीक अक्षरात.

तुमचा चोचल्यांचा मुद्दा निम्मा मान्य करतो. सोफ्यावर बसून आठ-दहा फुटांवरून वाचायच्या यादीत ‘इंग्रजी, मूळ, डॉल्बी ट्रूएचडी ७.१ सह डॉल्बी अ‍ॅटमॉस, ४८ किलोहर्ट्झ’ अशी आगगाडी लावली तर शेवटचे डबे तीन टिंबांत गडप होतात, आणि नेमकं कामाचं तिथेच असतं. किलोहर्ट्झ, बिट, गती हे सगळं माहितीच्या बटणामागे जाऊ द्या. यादीत आधी भाषा, मग घराण्याचं पूर्ण नाव, मग आकडा, अ‍ॅटमॉस असेल तर शेवटी तेवढा शब्द : ‘मराठी, डॉल्बी डिजिटल प्लस ५.१, अ‍ॅटमॉस’. आणि वाटेत काही बदललं असेल तरच खाली दुसरी ओळ. बदललं नसेल तर ती नकोच, उगाच गर्दी.

तुमच्या साउंडबारबद्दल एक विचारायचं राहिलं. दिवा लागतो तो स्ट्रीमिंगच्या अ‍ॅपवर बघताना, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. घरच्या सर्व्हरवर ब्लू-रेवरून घेतलेला एखादा अ‍ॅटमॉसचा सिनेमा असेल तर तो टीव्हीतल्याच अ‍ॅपमधून लावून बघा. पडद्यावर काय लिहून येतं आणि दिवा लागतो की नाही, दोन्ही इथेच खाली कळवा.