नको – २ किलो

आई इंदूरच्या रामबागेतल्या घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. लोक मोबाइलवर मनाला येईल तसं लिहितात. 'काकू, लाडू २ किलो, शेव अर्धा, अन् शेवयांचं बघा जरा.' हे सगळं वहीत उतरवताना तिचा चष्मा तुपकट होतो, म्हणून नवरात्रात मी बोलून गेलो, "थांब, प्रोग्राम लिहून देतो."

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक लेक्सर लिहायचा होता. अक्षरांच्या रांगेतून शब्द, आकडा, माप असे तुकडे वेगळे काढायचे आणि तुकडा ओळखला रे ओळखला की त्याच्या नावचं फंक्शन बोलवायचं. माप दिसलं की त्याआधीचा शब्द आणि आकडा घेऊन यादीत एक ओळ. आमच्या घरी ही इव्हेंटवाली पद्धत जुनीच आहे. कुकरची तिसरी शिट्टी झाली की बाबा उठून गॅस बंद करतात. आत डाळ आहे की बटाटे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

पहिली ओळ उमटली: 'ड – २ किलो'.

लाडूचा ड! पायथनच्या रेगेक्समधला, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या सोयीतला, अक्षर ओळखणारा बॅकस्लॅश-डब्ल्यू काना, मात्रा, वेलांटीला अक्षरात धरतच नाही. मराठी आकडे मात्र बिनचूक ओळखतो. गणितात हुशार, शुद्धलेखनात नापास. थेट माझ्यावर गेलाय. मग मी देवनागरीची अख्खी पट्टीच शब्दात घातली. त्या पट्टीत आकडेही असतात, हे कळलं तेव्हा 'लाडू२' नावाचा नवा पदार्थ जन्माला आला होता.

शेवटी आकडे वगळले आणि पदार्थांची नावंच क्रमाने लिहून दिली. शेव आधी, कारण इंदुरात शेव आधीच असते. तर 'शेवया १ किलो'ची ओळ आली: 'या – १ किलो'. १९७५ साली बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी 'लेक्स' हे लेक्सर बनवून देणारं साधन केलं, ते सगळ्यांत लांब जुळणारा तुकडा उचलतं. पायथन पर्यायांतला पहिला जुळला की समाधानी. शेव मिळाली, उरलेलं 'या' सोडून दिलं.

फाइल मी १०२४ अक्षरांच्या घासांनी वाचत होतो. एका घासाच्या टोकाला १२ मधला १ राहिला, २ पुढच्या घासात गेला, आणि १२ किलो चिवड्याचा २ किलो झाला. यावर उपाय म्हणजे शेवटचा तुकडा पुढचा घास येईपर्यंत तोंडातच धरायचा.

"म्हणजे समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचं, एवढंच ना?" आई म्हणाली. "त्याला चार दिवस लागले तुला?"

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी निरोप आला, 'चकली ५ किलो नको, २ किलो पुरे.' लेक्सरनं एकही तुकडा चुकवला नाही. अर्थ लावणं पार्सरचं काम, आणि पार्सर मी लिहिलाच नव्हता.

"अरे, हा 'नको' कुठला पदार्थ?" आतून आवाज आला. "२ किलो लिहिलाय." तोवर ५ किलोंची भाजणी भिजली होती.

सध्या आमच्याकडे पोह्यांवर शेवेऐवजी चकलीचा चुरा असतो. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत कुणाला सांगू नका.