दारू महाग झाली, नियम कडक आहेत, आता फक्त बंदी करा म्हणे!

जून 2025 मध्ये राज्य सरकारने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हापासून एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं की दारू महाग केल्यामुळे पिणारे कमी होतील, परवाना, 25 वर्षांची अट आणि ड्राय डे यामुळे महाराष्ट्रात पिण्यावर चांगला कंट्रोल आहे, बायकांना तर दुकान बंद करायचा हक्कसुद्धा दिलाय, आता गुजरातसारखी पूर्ण बंदी केली की विषय संपला. मी काही दारूचा प्रचारक नाही, दारूपायी घरं बसलेली बघितलीत, पण या फॉरवर्डमधली एकही गोष्ट धड नाहीये.

आधी महागाईचं बघू. दारू महागली की लोक कमी पितात हे तत्त्व म्हणून खरंय, पण सरकारने केलं काय? इंग्लिश दारूचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट केलं, क्वार्टर (180 मिली) कमीत कमी 205 रुपये. देशीची क्वार्टर 80. आणि या दोघांच्या मधोमध धान्यापासून बनणारी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाची नवीन कॅटेगरी काढली, ती 148 ला. म्हणजे ज्याला 205 परवडत नाही त्याच्यासाठी खालची पायरी सरकारनेच बांधून दिली. पिणारा पिणं सोडत नाही हो, ब्रँड सोडतो, आणि 80 पण जड झाले तर हातभट्टी आहेच. मुंबईत बंदी नव्हती तरी 2015 च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराच्या वर माणसं गेली, ती सगळी गरीब वस्तीतली, स्वस्तात काय मिळतं ते बघून पिणारी. शिवाय त्याच निर्णयात वर्षाला 14 हजार कोटी जादा मिळतील असा हिशोब मांडलाय. आता लोकांनी पिणं कमी केलं तर हे 14 हजार कोटी येणार कुठून? ही व्यसनमुक्ती नाही, वसुली आहे, तसं सरळ सांगावं, आमची काही हरकत नाही.

दुसरं परवान्याचं. 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि त्याप्रमाणे दारू विकत घ्यायला, बाळगायला, प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा इंग्लिशसाठी 5 रुपये, देशीसाठी 2 रुपये, वर्षाचा 100 आणि आजीवन 1000. तुमच्या ओळखीतल्या किती जणांकडे आहे? वाइन शॉपच्या काउंटरवर संध्याकाळी सात वाजता उभं राहून बघा, जाळीतून नोट आत जाते, काळ्या पिशवीत बाटली बाहेर येते, मागचा म्हणतो चल ना भाऊ लवकर, यात परवाना विचारायला वेळ कोणाला आहे. एक दिवसाच्या परवान्याचं पुस्तक दुकानात असतं, ते नंतर काउंटरवरचं पोरगं सुचतील ती नावं टाकून भरतं, हे उघड गुपित आहे. गंमत एवढीच की कागदावर तुम्ही मात्र गुन्हेगार, थर्टी फर्स्टला स्वतःच्या घरात दोन पेग घेतले तरी. ज्या कायद्यात जवळजवळ प्रत्येक पिणारा अडकतो तिथे कोणाला पकडायचं आणि कोणाला चहापाणी घेऊन सोडायचं हे ठरवणारा राजा होतो. याला कंट्रोल म्हणायचं असेल तर म्हणा, पण दारूवर नाही, माणसांवर.

वयाची अट तर अजून भारी. बीअरला 21, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला 25. म्हणजे 18 ला मत दे, 21 ला लग्न कर, पण तुझ्या स्वतःच्या रिसेप्शनला व्हिस्की घेतलीस तर बेकायदा, अजून चार वर्षं थांब! पाळायला अवघड अशी अट ठेवली की तपासणारापण ती सीरियसली घेत नाही. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, गाडी चालवणारा 17 वर्षांचा, आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याच्या आधी तो बारमध्ये पिऊन आला होता. 25 ची अट तेव्हापण होती ना? दारात आधार कार्ड बघणारा माणूस नव्हता. पबना सील ठोकण्याची धावपळ सगळी नंतर.

ड्राय डेवर जास्त काही लिहीत नाही, आदल्या रात्रीची लाइन बघा आणि दुसऱ्या दिवशीचा ब्लॅकचा रेट विचारा.

आता गुजरात. तिथे 1960 पासून म्हणजे राज्य झालं तेव्हापासून बंदी आहे, तरी जुलै 2022 मध्ये बोटादकडे मिथेनॉल म्हणजे विषारी अल्कोहोल पिऊन 40 च्या वर लोक मेले. पैसेवाल्यांना आरोग्याचं कारण दाखवून परवाना मिळतो, डिसेंबर 2023 मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या व्यापारी वसाहतीत तर सरकारनेच सूट दिली. बिहारने एप्रिल 2016 ला बंदी केली, जेलं आणि कोर्टं इतकी भरली की 2022 मध्ये पहिल्यांदा पकडलेल्याला दंडावर सोडायची दुरुस्ती करावी लागली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या सारणमध्ये विषारी दारूने 70 च्या वर मेले. इतकं लांब कशाला, आपलं चंद्रपूर घ्या. बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी चालत गेल्या, त्यांचा त्रास शंभर टक्के खरा होता, 1 एप्रिल 2015 ला बंदी झाली. पण शेजारी यवतमाळ, नागपूर आणि पलीकडे तेलंगणा, तिन्हीकडे दुकानं चालू, तिथून माल यायचा आणि इथे वाढीव भावात विकला जायचा. मे 2021 मध्ये बंदी उठली. गडचिरोलीत आरोग्याचं काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी उठवायला विरोध केला, आणि त्यांचा मुद्दा असा झटकून टाकण्यासारखा नाही, अंमलबजावणी नीट झाली नाही हे बंदी उठवायचं कारण कसं काय? मान्य. पण मग फॉरवर्डवाल्यांनी आधी अंमलबजावणी कोण करणार ते सांगावं. वर्ध्यात इतकी वर्षं बंदी आहे, तिथल्या कुठल्याही ऑटोवाल्याला विचारा बाटली कुठे मिळते ते.

राहिला बायकांच्या हक्काचा मुद्दा, आणि फॉरवर्डमध्ये मला सगळ्यात जास्त खटकलेला हाच. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद, हे बायकांचं मतदान ऐकायला मस्त वाटतं. प्रत्यक्षात आधी 25 टक्के महिलांच्या सह्यांचा अर्ज, मग सह्यांची पडताळणी, मग तारीख, आणि बाटली आडवी व्हायला झालेल्या मतांच्या नाही तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत. जी मजुरीला गेली, जी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली पण नाव अजून यादीत आहे, जी वारली तिचंसुद्धा मत आपोआप दुकानदाराच्या बाजूने धरलं जातं. आमदार काय सरपंच काय, एकूण मतदारांच्या निम्म्या मतांची अट कोणालाच नाही, ही अट फक्त बाटलीसाठी.