गुलमोहर नको, आघाडा दाखवा

बागेतला सगळ्यात थोरला पिंपळ आयनॅचरलिस्टच्या, म्हणजे झाडं-प्राणी-कीटकांचे फोटो चढवून नोंदी करायच्या ॲपच्या लेखी कवडीमोलाचा. त्याला पार आहे, दोरे गुंडाळलेत, खाली पत्त्यांचा अड्डा आहे. पण तो कुणीतरी लावलाय. लावलेलं म्हणून खूण केली की नोंद 'कॅज्युअल', म्हणजे दुय्यम ठरते. तोच पिंपळ कावळ्याच्या कृपेने मुतारीच्या भिंतीत उगवला, तर मात्र अस्सल रानटी! त्याचा मान मोठा.

मुंबईतल्या बागेत नोंदी करायच्या तर हा न्याय आधी पचवावा लागतो. मग तो चालायला आलेल्या काकांना पटवायचा. आपण उकिडवे बसून एकदांडीवर मोबाइल रोखलेला असतो आणि मागून आवाज येतो, "अहो, गवताचे कसले फोटो काढताय? तो गुलमोहर बघा की, केवढा फुललाय!" काका, गुलमोहर मादागास्करचा, शिवाय लावलेला. एकदांडीही मूळची अमेरिकेतलीच, पण इथे वाऱ्यावर आली आणि आपणहून रुजली... एवढं सांगेपर्यंत काका पुढच्या फेरीला निघालेले असतात.

एका रोपाचा एक फोटो पुरत नाही. फूल हवं, पान वरून आणि खालून हवं, पानं समोरासमोर की आलटून-पालटून ते दिसायला हवं, शिवाय आख्खं रोप. आणि हे सगळं एकाच नोंदीत. भुईआवळीचं तर गुपितच पानाखाली. डहाळी उलटी केली की बारीक हिरवी फळं ओळीने लटकलेली दिसतात. वरून काढलेला फोटो चिंचेचं रोप म्हणूनही खपेल. फोकस हमखास मागच्या बाकावर जातो. फुलामागे तळहात धरला की नाइलाजाने फुलावर येतो. वारा सुटला तर देठ दोन बोटांत पकडायचा. मोबाइल कुठल्या हातात, हे ज्याने त्याने बघावं.

कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट दिसली तर पुसायची घाई करू नये. कॉमन मॉरमॉन फुलपाखराची लहान अळी हुबेहूब तशीच दिसते. शिटेला कोण चोच लावणार? मोठी झाली की ती हिरवी होते. तेव्हा दोन मिनिटं निरखावं. हलली तर अळी. न हललेल्याचे फोटोही लोक चढवतात, तो भाग वेगळा.

उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं आणि आपला आघाडा रस्त्यापलीकडच्या बँकेत उगवतो. नकाशावरची खूण हाताने सरकवावी. तारीख, जागा, फोटो किंवा आवाज असला आणि किमान दोघांचं एका नावावर जमलं की नोंद 'रिसर्च ग्रेड', म्हणजे संशोधनाला चालण्याजोगी. आपल्या सोसायटीच्या सभेपेक्षा हे सोपं.

खरी शर्यत माळीदादांशी. आपल्याला जे जे मोलाचं, ते ते त्यांना उपटायचं असतं. पावसाळ्यात केना, टाकळा, आघाडा तरारून येतात आणि नेमकी तेव्हाच साफसफाई निघते. म्हणून गवत कापायचा वार विचारून घ्यावा आणि आदल्या सकाळी बाग गाठावी. उशीर झालाच, तर उपटलेलंही चालतं, फक्त जागा मुळातली टाकायची. माळीदादा मुळासकट आघाडा पुढे करतात, "घ्या साहेब, आता वाऱ्याने हलायचा नाही."